पाताड्यांचं खोटं ड्रॉइंग

विनीत पाताड्यांना जगात एकच दुःख होतं. त्यांचं कोणी ऐकत नसे.

बाकी सगळं व्यवस्थित होतं. लालबागला जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर घर होतं. बायको सीमा परळच्या एका हॉस्पिटलात मेट्रन होती. मुलगी लग्न होऊन ठाण्याला सुखात होती. आणि ते स्वतः परळच्याच एका काचेच्या उंच इमारतीत, 'तेजकण' नावाच्या कंपनीत, चिपची ड्रॉइंगं काढत होते. चिप म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. त्यावर एकावर एक लेयर, आणि प्रत्येक लेयरमध्ये विजेसाठी केसापेक्षा कितीतरी बारीक रस्ते. कुठला रस्ता कुठून न्यायचा आणि कुठे वळवायचा, हे पाताडे ठरवत. अठ्ठावीस वर्षं हेच काम करत आले होते, आणि या कामात मुंबईत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

पण हे सांगायचं कोणाला? पाचव्या मजल्यावरच्या पुतळाबाईंना वाटे की पाताडे वेफर्सच्या कंपनीत आहेत. दर संकष्टीला लिफ्टमध्ये भेटल्या की त्या म्हणत, "विनीता, तुझ्या कंपनीतलो एक पुडो आणून दी रे." पाताड्यांनी त्यांना दोनदा खरं काय ते समजावलं. दुसऱ्या वेळी लिफ्ट अकरा मजले वर जाऊन परत खाली आली, तरी त्यांचं समजावणं चालूच होतं. तेव्हापासून पुतळाबाई जिन्याने जाऊ लागल्या.

घरी ते बोलायला लागले की सीमा कोथिंबीर निवडायला घेई. कोथिंबीर संपली तरी त्यांचं संपलेलं नसे, मग ती मेथी काढी. ऑफिसात पाताडे डबा घेऊन टेबलाशी आले की चार जणांना एकदम मीटिंगा आठवत. दोष त्यांच्या ज्ञानाचा नव्हता. त्यांना प्रत्येक गोष्ट सुरुवातीपासून सांगायची सवय होती, आणि त्यांच्या हिशेबी सुरुवात म्हणजे एकोणीसशे शहाण्णव.

मे महिन्यात कंपनीने सुरक्षेसाठी एक नवीन अधिकारी नेमली. रुचिका तांडेल. वरळी कोळीवाड्यातली, वय एकतीस, आधी एका बँकेत फसवणुकीची प्रकरणं हाताळायची. आल्या आल्या तिने सगळ्यांना बसवून भाषण दिलं. चिपची विद्या मिळवायला वर्षं लागतात आणि पैसा लागतो, म्हणून काही देशांची सरकारंच ती चोरायला माणसं ठेवतात, असं तिने सांगितलं. ही माणसं कुलपं फोडत नाहीत. ती आधी तुमची स्तुती करतात. कोणी अनोळखी माणूस तुमच्या कामाचं अचानक फार कौतुक करायला लागला, तर मला येऊन सांगा, असं ती तीन वेळा म्हणाली. पाताडे तिसऱ्या रांगेत बसून लिहून घेत होते. संध्याकाळी त्यांनी तिला ईमेल पाठवली. तिच्या स्लाइडमध्ये स्पेलिंगच्या दोन चुका होत्या.

ऑगस्टमध्ये पाताड्यांना एक पत्र आलं. परदेशातल्या एका संशोधन संस्थेचं होतं. त्यांनी दोन हजार नऊ साली लिहिलेल्या निबंधाने संस्थेतले लोक भारावून गेलेत, असं त्यात लिहिलं होतं. तो निबंध आजवर जगात अकरा जणांनी वाचला होता, आणि त्यातल्या सात जणांना पाताडे नावानिशी ओळखत होते. आपल्या निबंधाने भारावलेला हा बारावा वाचक बघून त्यांना रुचिकाचं भाषण आठवलं नाही. संस्थेचे प्रतिनिधी मुंबईतच होते. शनिवारी दुपारी दादरला भेटायचं ठरलं.

प्रतिनिधीचं नाव यशोधन. चाळिशीचा, खादीचा कुर्ता, शाईचं पेन, बोलणं अगदी पुण्याकडचं, स्वच्छ. शिवाजी पार्काजवळच्या एका हॉटेलात त्याने थालीपीठ मागवलं, वही उघडली आणि म्हणाला, "सर, तुम्ही या क्षेत्रात कसे आलात, तिथपासून सांगा ना."

पाताड्यांनी सांगितलं. तीन तास सांगितलं. मध्ये यशोधनने त्यांना थांबवलं, आणि पाताड्यांनी पिशवीकडे हात नेला, कारण लोक थांबवतात ते उठून जाण्यासाठी, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. पण यशोधन म्हणाला, "हे जरा परत सांगाल का? वळण असं का घेतलंत, ते मला नीट कळलं नाही." त्रेपन्न वर्षांत पाताड्यांना हे वाक्य कोणी म्हटलेलं नव्हतं. ते त्या दिवशी दादरहून लालबागपर्यंत चालत आले. वाटेत आपण कुठलं गाणं गुणगुणत होतो, हेही त्यांना घरी आल्यावर आठवेना.

असे सहा शनिवार झाले. यशोधन प्रत्येक वेळी आधीच्या शनिवारच्या नोंदी वाचून यायचा. त्याचे प्रश्न धारदार होत गेले. सीमाला जाणवलं की नवरा हल्ली घरी कमी बोलतो आणि जास्त जेवतो. तिने त्याचं कारण विचारलं नाही, कारण हॉस्पिटलच्या ड्युटीनंतर मिळणारी शांतता तिला आवडत होती.

सहाव्या शनिवारी यशोधन म्हणाला की संस्था त्यांना मानाचं प्राध्यापकपद देऊ इच्छिते. समितीला दाखवायला फक्त त्यांच्या सध्याच्या कामाचा एखादा नमुना हवा. एखादं ड्रॉइंग चालेल. "सातव्या लेयरचं काम तुम्ही किती सुंदर केलं असेल, याची मी कल्पना करू शकतो," असं तो प्रेमाने म्हणाला.

पाताड्यांच्या हातातला थालीपिठाचा तुकडा हातातच राहिला.

नव्या चिपला सहाच्या जागी सात लेयर करायचे, हे जानेवारीत ठरलं होतं. जगात पाच जणांना ते माहीत होतं. निबंधात ते नव्हतं आणि पाताड्यांच्या तोंडून निघालेलं नव्हतं. बघतो म्हणून ते उठले. घरच्या वाटेवर हिंदमाताला पोचेपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं. पाताडे बोलघेवडे होते, पण मूर्ख नव्हते.

तरीही सोमवारी ते कोणाला काही बोलले नाहीत. मंगळवारीही नाही. रुचिकाच्या केबिनवरून चार वेळा गेले आणि चारही वेळा पुढे जाऊन पाणी प्याले. सांगितलं तर शनिवार संपणार होते. हे स्वतःशी कबूल करायला त्यांना दोन दिवस लागले.

मंगळवारी संध्याकाळी सीमाने कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवली आणि विचारलं, "अहो, काय झालंय?" पाताड्यांनी सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात सांगितलं. सीमाने तीस वर्षं वॉर्ड सांभाळला होता. घाबरायचं कधी आणि कामाला लागायचं कधी, हे तिला माहीत होतं. उद्या पहिलं काम म्हणजे त्या तांडेलबाईंना भेटणं, असं तिने बजावलं. मग थोडं थांबून विचारलं, "चांगला ऐकायचा का हो?"

"फार चांगला," पाताडे म्हणाले.

तिने त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

रुचिकाने बुधवारी सकाळी दार लावून त्यांची तीन तास चौकशी केली. कुठल्या शनिवारी काय सांगितलं, ते तिने एकेक करून लिहून काढलं. आपण देशाचं किती नुकसान केलं असेल, ते पाताड्यांना समजत नव्हतं. शेवटी तिने पेन खाली ठेवलं.

"सर," ती म्हणाली, "अठरा तासांत तुम्ही दोन हजार सातपर्यंत आलाय."

"सविस्तर सांगत होतो," पाताडे खालमानेने म्हणाले.

"यातलं एकूण एक पाठ्यपुस्तकात आलंय. त्या माणसाला अजून काही म्हणजे काही मिळालेलं नाही. म्हणून तर त्याने घाई केली. आणखी अठरा तास त्याला झेपले नसते." तिला हसू आवरेना, मग तिने माफी मागितली. पाताड्यांना सुटल्यासारखंही वाटलं आणि कुठेतरी लागलंही.

प्रकरण वर गेलं. केंद्राच्या एका खात्यातले अधिकारी आले. नाव विचारलं तर नुसतं साहेब म्हणा म्हणाले, म्हणून सगळे त्यांना साहेब म्हणू लागले. यशोधन हा मधला माणूस आहे, त्याच्यामागे कोण आहे आणि कंपनीतून सातव्या लेयरची बातमी कशी फुटली, हे साहेबांना हवं होतं. त्यांनी ठरवलं की पाताड्यांनी त्याला एक खोटं ड्रॉइंग द्यायचं. फाइल जिथे उघडेल तिथला ठावठिकाणा गुपचूप कळवण्याची सोय तिच्यात करायची, आणि ड्रॉइंगमध्ये अशी खोट ठेवायची की त्यावरून कोणी चिप बनवलीच तर ती दहा मिनिटांत जळावी.

ड्रॉइंग काढायचं काम अनुजाला दिलं. पाताड्यांच्या हाताखालची ही सत्तावीस वर्षांची इंजिनीअर. सात लेयरचं माहीत असलेल्या पाच जणांपैकी एक. तिने दोन दिवसांत ड्रॉइंग काढून दिलं. खाली कोपऱ्यात लिहिलं होतं, वि. शं. पाताडे.

पाताड्यांनी ते पडद्यावर पाहिलं आणि ते खुर्चीत बसले. रस्ते वेडेवाकडे गेले होते. वळणं काटकोनात होती. एका ठिकाणी तर दोन रस्ते एकमेकांच्या इतके जवळ होते की पाताड्यांनी नजर फिरवली.

"हे माझ्या नावावर जाणार?" त्यांनी विचारलं.

रुचिकाने समजावलं की खोटंच द्यायचं आहे, त्यामुळे ते वाईटच असणार. पाताडे म्हणाले, खोटं असू दे, पण गचाळ कशाला? ज्याने दीड महिना माझं ऐकलंय, त्याला हे माझं नाही हे लगेच कळेल. मग तुमचा सापळा फुकट. साहेबांनी रुचिकाकडे बघितलं. मुद्दा बिनतोड होता. पाताड्यांना आठ दिवस मिळाले. तोवर यशोधनला काहीबाही निरोप देऊन थोपवायचं ठरलं.

ते आठ दिवस पाताड्यांनी ड्रॉइंग आणि जेवण सोडून दुसरं काही केलं नाही. त्यांना असं खोटं ड्रॉइंग काढायचं होतं की बघणाऱ्याने वाहवा करावी आणि खोट सहा महिने सापडू नये. चिपच्या कडेला एक मोठा संरक्षक भाग असतो. चिप तापली की वीज भरकटू नये म्हणून तो ठेवतात, आणि सगळे ठेवतात म्हणून पाताडेही गेली अठ्ठावीस वर्षं ठेवत आले होते. त्यांनी तो सरळ काढून टाकला. मोकळ्या झालेल्या जागेतून मुख्य रस्ता अशा एका वळणाने नेला की तसं वळण शहाण्या माणसाने घेऊ नये. आता ही चिप जळणार, यात शंका नव्हती. फक्त खात्री करायला त्यांनी कॉम्प्युटरवर तिची चाचणी लावली.

चिप जळली नाही.

त्यांनी तापमान वाढवलं. चिप ढिम्म. आणखी वाढवलं. वीज रेषाभर हलली नाही, उलट वापर आधीपेक्षा एक तृतीयांश कमी. पाताड्यांनी चाचणी पाच वेळा केली. मग अनुजाला बोलावून तिच्याकडून दोन वेळा करवली. अनुजा पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, आपण गेलं वर्षभर हेच शोधत होतो."

बातमी कळल्यावर रुचिकाने डोकं धरलं. साहेबांना समजायला वेळ लागला. ते पुन्हा पुन्हा विचारत होते की म्हणजे आता खोटं ड्रॉइंग खरं झालं का, आणि पाताडे पुन्हा पुन्हा सांगत होते की खऱ्यापेक्षा चांगलं झालं. संचालकांनी ते ताबडतोब कुलूपबंद केलं. ज्या ड्रॉइंगची चोरी व्हावी म्हणून एवढा खटाटोप चालला होता, त्याची चोरी होऊ नये म्हणून दारावर दोन माणसं वाढवली. रुचिका म्हणाली की बँकेत तिने सतरा प्रकारची फसवणूक पाहिली, पण मुद्देमालच हुशार निघाल्याचं हे पहिलं प्रकरण.

आता दुसरं काही करायला वेळ नव्हता. यशोधनने सोमवारी परदेशी जाणार असल्याचं कळवलं होतं आणि त्याला दिलेला शनिवार परवावर आला होता. अनुजाचंच ड्रॉइंग द्यावं लागणार होतं.

निदान दोन वळणं तरी सरळ करू द्या, अशी पाताड्यांनी विनंती केली. अनुजा म्हणाली, "नाही सर. तुम्ही हात लावलात की ते सुधारतं."

शनिवारी दादरच्या त्याच हॉटेलात, त्याच टेबलाशी, पाताडे यशोधनसमोर बसले. पलीकडच्या टेबलावर रुचिका साबुदाणावडा खात होती, आणि दाराशी साहेब वर्तमानपत्र वाचत होते. पाताड्यांनी पेन ड्राइव्ह पुढे सरकवला. यशोधनने तिथेच लॅपटॉप उघडला. ड्रॉइंग पडद्यावर आलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. त्याने एक कोपरा मोठा करून पाहिला. मग दुसरा. दोन महिन्यांपूर्वी त्याला यातलं ओ की ठो कळलं नसतं. पण अठरा तास पाताड्यांनीच त्याला शिकवलं होतं, आणि त्यांनी हातचं राखून काही शिकवलं नव्हतं.

"सर," तो हळूच म्हणाला, "हे तुमचं आहे?"

त्या एका क्षणात पाताड्यांच्या मनातून बरंच काही गेलं. सांगून टाकावं की नाही हो, हे माझं नाही, मी असं काढीन का, माझं खरं ड्रॉइंग बघाल तर तुमचे डोळे दिपतील. जगात ते समजू शकणारा एक माणूस समोर बसला होता. पलीकडे रुचिकाने वडा खाणं थांबवलं होतं.

"हो," पाताडे म्हणाले. "माझंच."

यशोधन त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत संशय असता तर पाताड्यांनी तो सोसला असता. पण तिथे काळजी होती. "तब्येत बरी आहे ना, सर?" त्याने विचारलं.

पाताडे म्हणाले की हल्ली जरा दमायला होतं. यशोधनने लॅपटॉप मिटला. त्याच्यावर ज्यांचा दट्ट्या होता त्यांना ड्रॉइंग हवं होतं, ते चांगलं की वाईट हे ठरवणं त्याचं काम नव्हतं. जाताना त्याने पाताड्यांच्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं, आणि पाताड्यांनी दोन्ही पाय मागे घेतले.

त्यानंतरची चक्रं साहेबांच्या हातची. रविवारी रात्री यशोधनने फाइल पुढे पाठवली. ती समुद्रापलीकडे एका सरकारी प्रयोगशाळेत उघडली आणि तिने आपला पत्ता साहेबांना कळवला. सोमवारी यशोधनला विमानतळावर ताब्यात घेतलं. त्याच्या लॅपटॉपवर आणखी एकोणीस भारतीय इंजिनीअरांची नावं निघाली, आणि त्यांत अनुजाचंही नाव होतं. फेब्रुवारीत तिने एका परदेशी कंपनीसाठी ऑनलाइन मुलाखत दिली होती. सध्या काय करतेस असं विचारल्यावर तिने अभिमानाने सात लेयरचं सांगितलं होतं. ती कंपनी अस्तित्वातच नव्हती. रुचिकाच्या केबिनमध्ये अनुजा रडायला लागली आणि राजीनाम्याचं बोलू लागली. पाताडे तिथेच होते. ते म्हणाले, "तू चाळीस मिनिटं बोललीस. मी अठरा तास बोललो. आधी माझा राजीनामा घ्यावा लागेल." रुचिकाने दोघांनाही कामाला लागायला सांगितलं. नव्या चिपच्या पेटंटच्या अर्जावर महिन्याभरात दोघांचीही नावं लागली.

दिवाळीनंतर पाताड्यांना जबाब द्यायला फोर्टातल्या साहेबांच्या कार्यालयात बोलावलं. रुचिका सोबत होती. आरोपीशी एक अक्षर बोलायचं नाही, अशी साहेबांनी आधीच ताकीद दिली होती. जबाब संपवून पाताडे बाहेर आले, तर समोरून दोन पोलीस यशोधनला घेऊन येत होते. कुर्ता चुरगळलेला, दाढी वाढलेली. तो पाताड्यांपाशी थांबला.

"सर, एवढंच सांगा," तो म्हणाला. "ते ड्रॉइंग तुमचं नव्हतं ना?"

पाताड्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवून नको म्हटलं.

"नव्हतं," पाताडे म्हणाले.

यशोधनने डोळे मिटून श्वास सोडला आणि पोलिसांबरोबर पुढे गेला. साहेबांनी कपाळाला हात लावला. आरोपीशी झालेलं बोलणं आता जबाबात घालावं लागणार होतं, म्हणून पाताड्यांना परत आत नेलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात एकच ओळ लिहून दिली आणि खाली सही केली.

परतीच्या बसमध्ये भायखळ्यापर्यंत त्यांनी एकोणीसशे शहाण्णवचं नावही काढलं नाही. रुचिकाने दोनदा त्यांच्याकडे पाहिलं आणि शेवटी काय विचार करताय म्हणून विचारलं.

"डोकं चांगलं होतं त्याचं," पाताडे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "नुसतं ऐकून दीड महिन्यात वळण ओळखायला शिकला. सरळ मार्गाने आला असता, तर मी त्याला आपल्याकडे लावून घेतला असता."

रुचिकाला यावर सुरक्षा अधिकारी म्हणून काहीतरी बोलणं भाग होतं. ती शब्द जुळवत होती. तेवढ्यात लालबाग आलं आणि पाताडे पिशवी सावरत उतरले.